बिनझरोक्याची गाडी

आमच्या घरात तिला कुणी ट्रेलर म्हणत नसे. दादा होता तेव्हा तो तिला ‘माझी बया’ म्हणायचा, आणि आई म्हणायची, खरी बया आणशील त्या दिवशी ही तुला विकावी लागेल, कुठलीच बाई सवत चालवून घेत नाही. मोटारीच्या मागे जोडून न्यायची ती एक छोटीशी गाडी होती. पुढून फुगीर, मागे निमुळती, डोळ्यातून ओघळणाऱ्या थेंबाच्या आकाराची. आत दोन माणसं जेमतेम झोपतील एवढी गादी, कडेला एक बुटकं दार, छपरात हवेसाठी झरोका, आणि मागचं झाकण उचललं की शेगडी ठेवायला फळी. दादा अबू धाबीत अल रीम आयलंडवर राहायचा, तिथेच नोकरी करायचा, आणि शनिवार-रविवारी एक तर आमच्याकडे अल बर्शाला मासे खायला यायचा, नाही तर ही गाडी घेऊन डोंगरात जायचा. ज्या वीकेंडला तो मासे खायला आला नाही त्या वीकेंडला पाऊस झाला. डोंगरांमधल्या कोरड्या ओढ्याला तिकडे वादी म्हणतात. दादाने गाडी उभी केली होती तिथे एक थेंबही पडला नव्हता. पाऊस पडला लांब, वरच्या डोंगरावर, आणि पहाटे पाणी खाली आलं.

माझं वय आता असं आहे की लोक मला जुन्या दुबईबद्दल विचारतात, जणू काही ती मी बांधली. पण ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितली की ऐकणाऱ्यांच्या मनात दोनच प्रश्न येतात. तुमचा भुतांवर विश्वास आहे का, हा पहिला. नाही, माझा नाही. दुसरा प्रश्न ते विचारत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतो: मग अजून ही गोष्ट विसरता का येत नाही? त्याचं उत्तर मला येत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे.

दादाचे दिवस झाले, आलेगेलेले परतले, आणि काही महिन्यांनी पोलिसांच्या यार्डातून फोन आला की गाडी घेऊन जा. त्याची मोटार भंगारात गेली होती. ही मात्र ओढ्यात खूप खाली दोन दगडांच्या मध्ये अडकून राहिली होती. आई म्हणाली, “तिथेच मोडीत काढा. मला ती डोळ्यांसमोर नको.” पण दुसऱ्या दिवशी रिकव्हरीच्या ट्रकवरून ती रास अल खोरला आमच्या वर्कशॉपच्या दारात उतरली. बाबांचा सुतारकामाचा धंदा होता. स्वयंपाकघरातली कपाटं, ऑफिसांची पार्टिशनं, असलं काम. भागीदार होते दापोलीचे युसुफचाचा, जे माल आणणं, गिऱ्हाईक सांभाळणं आणि बाबांना हसवणं ही तिन्ही कामं करत. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळूच म्हणाले, “शशी, हिचं काही उरलं नाही रे. खलास झाली. नवी बांध हवी तर.”

“नवीच बांधणार आहे,” बाबा म्हणाले.

मी तेव्हा बारावीत होते, आणि घरात थांबणं मला जमत नव्हतं. घरात आई होती, म्हणजे तिचं अंग होतं. मिक्सर चालायचा, वॉशिंग मशीन चालायचं, शेख झायेद रोडवरची मेट्रो खिडकीबाहेरून सरकत जायची, पण आईचा आवाज नव्हता. ती वरण-भात करायची आणि टेबलावर ठेवून आत जायची. मासे तर आमच्याकडे येणंच बंद झालं होतं. म्हणून शाळा सुटली की मी बाबांबरोबर वर्कशॉपला जायला लागले. बाबा विचारायचे, “मधू, अभ्यास?” आणि मी म्हणायचे, “आय विल डू इट देअर.” आम्ही मुलं आईबापांना इंग्रजीतच उत्तर द्यायचो. मराठीत दिलं असतं तर कदाचित रडू आलं असतं, हे मला आज कळतं.

गाडी उघडायला घेतली तेव्हा तिचं प्लायवूड पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होतं, फार वेळ पाण्यात राहिलेल्या पोळीसारखं. भिंतीच्या आत बारीक करडी माती बसली होती, इतकी नेटकी की वाटावं कुणी चाळून भरली आहे. उन्हाळा सुरू झाला होता. बाहेर पत्र्याला हात लावला तर कातडी निघेल असं ऊन, सगळी दुबई वाळून कोळ झालेली, आणि बाबांनी मागच्या भिंतीतला स्पंज ओढून काढला तर त्यातून पाणी गळलं. गार पाणी. इतके महिने ते तिथे कसं राहिलं मला कळलं नाही, बाबांनाही नाही. त्यांनी ते पाणी बादलीत धरलं, आणि बादली बराच वेळ तशीच हातात धरून उभे राहिले. मग बाहेर जाऊन एका वाळक्या झाडाच्या बुंध्याशी ओतून आले.

दाराचा पत्रा मात्र त्यांनी मला पाहू दिला नाही. मी पाहिला तरीही. बाहेरून त्या गाडीला सगळीकडे पोचे पडले होते, दगडांवर आपटून आत गेलेले. दारावरचा एकच पोचा उलटा होता, आतून बाहेर आलेला. बाबांनी दार निखळून लाकडी ठोकळ्यावर पालथं घातलं आणि लाकडी हातोड्याने तो पोचा ठोकून सपाट करायला घेतला. ठक, ठक, मग थांबणं, मग परत ठक. ते दार वापरायचं नव्हतंच, भंगारात जाणार होतं. तरी सपाट होईपर्यंत ते ठोकत राहिले. युसुफचाचा माझ्याजवळ येऊन म्हणाले, “चल बेटा, आपण चहा आणू.” चहा आणायला आम्ही फार लांबच्या हॉटेलात गेलो.

शेवटी नुसती लोखंडी चौकट उरली, दोन चाकं आणि पुढचा दांडा. बाबांनी ती घासून घेतली, जिथे गंज आत शिरला होता तिथे कापून नवं लोखंड जोडलं, तांबडा रंग मारला. मग लाकूड चढायला लागलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे कपाट बांधणाऱ्या माणसाचं काम नव्हे. आमचे आजोबा रायगडच्या किनाऱ्यावर होड्या बांधायचे. बाबा त्यांच्या हाताखाली वाढले, आणि तो धंदा बसला म्हणून दुबईला आले. इथे इतकी वर्षं लॅमिनेट चिकटवण्यात गेली, पण हात पहिलं शिकलेलं विसरत नाही. दोन फळ्या जुळतात तिथे सगळे सिलिकॉन भरतात. बाबा तेलात भिजवलेलं सूत ठोकून बसवायचे, वर राळ, आणि त्याच्यावर मग आजच्या काळातलं इपॉक्सी. पत्र्याला कुठे खिळ्याचं भोक पडलं तर ते भोक त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. बाबा दर फटीवर फुंकत होते. ते काय बांधत होते हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्या पहाटे तिथे जे असायला हवं होतं ते.

खिडक्या त्यांनी ठेवल्याच नाहीत. छपराला पूर्वी झरोका होता, तोही नव्या छपरात काढला नाही. युसुफचाचांनी एकदा विषय काढला. “अरे, हवा यायला एक झरोका तरी ठेव. आत माणूस झोपणार आहे, लोणचं नाही मुरवायचं.”

“झरोक्यातूनच शिरलं असणार पाणी,” बाबा म्हणाले.

“शशी, माशाअल्ला तुझा हात सोन्याचा आहे. पण ही होडी नाही.”

“मग नसू दे,” बाबा म्हणाले, आणि राळेचा डबा शेगडीवर ठेवला. चाचांनी खांदे उडवले. ज्याचा मुलगा गेला आहे त्याच्याशी कुणी किती वाद घालायचा?

आजोबांची एक रीत होती. छोटी होडी पुरी झाली की ती वाळूत पालथी घालायची आणि एकाने तिच्याखाली शिरून बसायचं. बाहेर भर दुपारचं ऊन. आत बसलेल्याला जिथे जिथे उजेडाचा कण दिसेल तिथे त्याने खडूने खूण करायची. जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं, असं आजोबा म्हणत. बाबा लहानपणी त्या होड्यांखाली बसले होते. आता त्यांनी मला हातात खडू दिला, नव्या गाडीच्या आत बसवलं, नवं दार लावलं, आणि बाहेरून मोठा हॅलोजन दिवा घेऊन इंचाइंचाने फिरवायला सुरुवात केली. “दिसतंय?” बाहेरून यायचं. “येस, बाबा. लेफ्ट कॉर्नर, खाली.” सुई टोचावी एवढासा उजेड. मी खूण करायची, बाहेर येऊन ती जागा दाखवायची, ते सूत ठोकायचे, आणि परत पहिल्यापासून. असं आमचं कित्येक दिवस चाललं. प्रत्येक खेपेला आत थोडा जास्त अंधार व्हायचा. अंधाराला जाडी असते हे मला त्या गाडीत समजलं.

आणि एक दिवस काहीच दिसलं नाही. बाबा दिवा घेऊन पूर्ण चक्कर फिरले, “दिसतंय?” असा त्यांचा आवाज उशीतून आल्यासारखा आला, आणि मी डोळे ताणून ताणून पाहिलं तरी माझा स्वतःचा हातसुद्धा नव्हता. मी श्वास घेतला. लाकडाने तो ऐकला आणि परत दिला. मी मुद्दाम श्वास रोखला, तरी कुणाचा तरी चालू होता. आज मी सांगेन की ते माझं रक्तच कानात वाजत होतं. तेव्हा मी दारावर दोन्ही हातांनी धडका दिल्या, आणि बाबांनी दार उघडलं तर ते हसत होते. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा. “नाही ना दिसलं काही?” ते म्हणाले. मी रडत होते हे त्यांना दिसलंच नाही.

हवा थंडावल्यावर एका रविवारी आई आली. बाबांनी तिला बोलावलं नव्हतं. सकाळी आमच्याबरोबर तीही चपला घालून दारात उभी राहिली, एवढंच. वर्कशॉपमध्ये तिने कुणाकडे पाहिलं नाही, सरळ गाडीपाशी गेली, दार उघडून आत डोकं घातलं, आणि म्हणाली, “अहो, अजून वास येतोय.”

“कसला वास? सगळं नवं आहे, नीला. चौकट सोडली तर एक काडी जुनी नाही.”

“ओला,” आई म्हणाली. “त्याच्या कपड्यांचा.”

बाबा दुखावले. मी आत जाऊन हुंगलं तर आधी राळेचा वास आला आणि मग, खरं सांगते, त्याच्या खालून चिखलाचा. नंतर नंतर तो दुपारी जास्त यायचा. आमच्या घरी गावच्या रीतीने तिन्हीसांजेला धुपाटण्यात निखारे घालून आई धूप फिरवायची. इथे धुपाऐवजी अरबी दुकानातला बखूर मिळायचा, गोल कोळशाच्या वडीवर ठेवायचा. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या म्हणजे तो कापडात, लाकडात मुरतो, अशी त्याची पद्धत. पुढच्या रविवारी आई धुपाटणं घेऊन आली, गाडीत पेटवून ठेवलं, दार लावलं. धूर बसल्यावर दार जरा उघडलं, आणि धुपाटणं तसंच राखेखाली धगधगत असताना आत जाऊन गादीवर बसली. दार ओढून घेतलं.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओळखीचा होता. म्हणजे पूर्वीचा होता. परतताना मोटारीत ती खिडकीबाहेर बघत सहज म्हणाली, “तो आला होता.” बाबांचा हात स्टिअरिंगवर होता, तो हलला नाही. मला वाटलं ते आता काहीतरी म्हणतील. त्यांनी फक्त एसी कमी केला. पुढच्या रविवारी तेच तिला म्हणाले, “यल्ला, निघूया का?” आणि गाडीत घालायला नवी गादी त्यांनीच आणली.

त्या थंडीत आमचं घर परत जिवंत झालं, आणि इतकं भयंकर काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आई सुरमई आणायला लागली. तव्यावर तळणीचा आवाज, कोकमाची आमटी, लसणाची फोडणी. ती गुणगुणायची. टेबलावर चार ताटं मांडायची आणि चौथ्यात मधला तुकडा वाढायची, कारण दादाला मधला तुकडा आवडायचा. जेवताना आमच्याशी बोलता बोलता अधूनमधून त्या रिकाम्या खुर्चीकडे वळून, “हो ना रे?” असं विचारायची. बाबा खाली मान घालून जेवायचे. जेवण झालं की चौथं ताट ते स्वतः आत नेऊन रिकामं करायचे. आईचे गाल तजेलदार दिसत होते, फक्त डोकं ठणकतं म्हणायची आणि कधी कधी ओकायची. आम्ही म्हणायचो, ऊन लागलं असेल. थंडीच्या दिवसांत.

“तू पण चल आत,” एकदा ती मला म्हणाली. “तो तुझी चौकशी करतो.” मी नाही म्हणायला हवं होतं असं कुणाला वाटेल, पण तुमची आई वर्षभराने हात पुढे करते तेव्हा तुम्ही तो धरता. आम्ही दोघी गादीवर पडलो, आई आतल्या बाजूला, मी दाराकडे. धुपाटण्यातला निखारा पायांशी लाल दिसत होता आणि मग राखेने तोही झाकला. आधी नुसता गोड जड वास. मग हातपाय आपले नाहीत असं वाटायला लागलं. छातीवर ओली घोंगडी टाकावी तसं ओझं आलं. आणि माझ्या डाव्या हाताला, जिथे दार होतं, जिथे वीतभर जागा नव्हती, तिथे कुणीतरी कूस बदलली. गादी त्या बाजूला दबली. दादाला बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय होती, फोनवरसुद्धा. मी ते खाकरणं ऐकलं. पुढे तो काय बोलणार हे ऐकायला मी इतकी आतुर झाले की भीती वाटायची राहून गेली. आईने अंधारात माझा हात दाबला. “ऐकलंस?” ती म्हणाली. ती किती सुखात होती हे मला कसं सांगता येईल?

त्या संध्याकाळी मी वर्कशॉपच्या मोरीत ओकले. चाचांनी माझ्या डोक्यावर पाणी मारलं आणि मग बाबांना बाजूला घेऊन खूप वेळ बोलले. मला शेवटचंच वाक्य ऐकू आलं. “वहिनींना काय मिळतंय ते मला माहीत आहे शशी. त्याच्या बदल्यात काय जातंय ते बघ.” बाबा म्हणाले, “ती जेवते आहे. हसते आहे. मी काय करू?”

पुढच्या रविवारी मी गेले नाही आत, परीक्षेचं कारण सांगितलं. आई एकटी गेली. मी ऑफिसच्या केबिनमध्ये पुस्तक उघडून बसले होते, बाबा कटिंग मशीनवर कुठल्याशा स्वयंपाकघराच्या फळ्या कापत होते. त्या मशीनचा आवाज इतका असतो की माणूस आपलं नावही विसरतो. फळी संपली, बाबांनी मशीन बंद केलं, आणि त्या एकाएकी पडलेल्या शांततेत आम्ही दोघांनी ते ऐकलं. ठक, ठक. मग थांबणं. मग परत ठक. गाडीच्या दारावर, आतून.

“नीला?” बाबा ओरडले. आवाज थांबला. त्यांनी कडी ओढली, पण आईने आतून खिट्टी लावली होती, आणि दाराला सगळीकडून त्यांनीच बसवलेली रबराची पट्टी होती, जिच्यातून पाण्याचा थेंबही जाऊ नये. ते दार जागचं हललं नाही. बाबा दोन्ही हातांनी ओढत होते आणि म्हणत होते, “अमेय, उघड. अमेय, उघड दार.” आईचं नाव नाही, दादाचं. त्यांना स्वतःला ते कधीच कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. चाचा पहार घेऊन धावत आले. दोघांनी मिळून ते दार चौकटीसकट उपटलं.

आई दाराजवळ नव्हती. ती पलीकडच्या भिंतीशी, दाराकडे पाठ करून, पोटाशी पाय घेऊन पडली होती, झोपलेल्या मुलाला कुशीत घ्यावं तशी. हात पुढे, कोपरात वळलेले. तिला बाहेर काढलं तेव्हा तिचं अंग पाण्यातून काढल्यासारखं ओलं होतं, घामाने. श्वास चालू होता, पण किती वेळाने एक. मला एवढंच आठवतं की बाहेरच्या हवेत मी तिच्या तोंडाशी कान लावून बसले होते आणि दोन श्वासांमध्ये जी जागा होती तिच्यात मी म्हातारी झाले.

हॉस्पिटलात तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मल्याळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला हिंदीत चांगलंच खडसावलं. “कोयला जलाके बंद डिब्बे में सो गए? आप लोग पढ़े-लिखे हो ना?” बंद जागेत कोळसा धुमसला की त्यातून वास नसलेला, रंग नसलेला विषारी वायू निघतो. डोकं दुखतं, ओकारी होते, माणसाला भास होतात, कुणी शेजारी आहे असं वाटतं, आवाज ऐकू येतात, आणि मग माणूस झोपी जातो. अजून थोडा वेळ गेला असता तर उठली नसती. “वहिनी, आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं,” चाचा म्हणाले, “तुम्ही पाण्याला दार बंद केलंत आणि निखारा घरात घेतलात.” मी सगळं ऐकलं, आणि मला ते पटलं. आजही पटतं. दारावर कुणी ठोकलं हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. बेशुद्धीत माणसाला झटके येतात, पाय आपटतात, असं मी नंतर कुठेतरी वाचलं. गाडी लहान होती, पाय पोचलाही असेल. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मी कशाला ठोकू? मला बाहेर यायचंच नव्हतं.”

घरी आल्यावर बाबांनी एकच गोष्ट सांगितली. छपराला झरोका पाडायचा, आणि दार साधं बसवायचं, बाहेरूनही उघडणारं. गाडी मोडा असं मी म्हणत होते, पण ते दोघांपैकी कुणीच ऐकलं नाही.

“झरोका नको,” आई म्हणाली. ती पलंगावर टेकून बसली होती, हातावर सुईचे निळे डाग. “कोळसा नाही नेणार मी. पण भोक पाडू नका. भोक पाडलंत की तो निघून जाईल.”

“नीला, तो नव्हता तिथे. डॉक्टर काय म्हणाल्या ते तू ऐकलंस.”

“डॉक्टर त्याला ओळखत नव्हत्या.”

“तू जाशील,” बाबा म्हणाले. “तो गेला, आता तू जाशील. मग मी कुणासाठी बांधली ती?”

आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं दादा गेल्यापासून तिने बाबांकडे नीट पाहिलंच नव्हतं. मग तोंड भिंतीकडे करून पडली. पुढचे किती तरी आठवडे आमच्याकडे परत वरण-भात होता, आणि गाडी मोडक्या दारानिशी ताडपत्रीखाली उभी होती. बाबा तिच्या बाजूने जाताना वळसा घालून जायचे. मी आता माझ्या मुलीकडे राहते, दादा राहायचा त्याच अल रीमवर, आणि तिच्याकडे चांगल्या गोष्टींचा तुटवडा नाही. पण कुणी रागावून गप्प बसलं की मी अजून उठून सगळ्या खिडक्या उघडते, आणि माझी नात म्हणते, “आजी, द एसी इज ऑन!”

मग एक दिवस आई उठली, आंघोळ केली, आणि बाबांना म्हणाली, “चला.” कुठे ते त्यांनी विचारलं नाही. वर्कशॉपमध्ये तिने स्वतः ताडपत्री ओढली. बाबांनी नवं दार तयार करून ठेवलं होतं, ते चाचांनी आणि त्यांनी बसवलं. आई आत जाऊन आपल्या जागेवर पडली. “पाडा झरोका,” ती म्हणाली. “पण मी आत असताना. दार लावून घ्या.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी आत शिरले, तिच्याशेजारी पडले. निखारा नव्हता, बखूर नव्हता. तरी दार लागलं तसा तो जाड अंधार ओळखीच्या कुत्र्यासारखा येऊन अंगाला लागला. आईने आपल्या पलीकडे, भिंतीकडच्या रिकाम्या जागेवर हात पसरला होता. मी ऐकत होते. मी खोटं कशाला बोलू, मी मनापासून ऐकत होते. वर छपरावर बाबा चढल्याचा आवाज झाला, मग ड्रिलला लावलेली गोल करवत लाकडाला भिडली आणि सगळी गाडी थरथरायला लागली. भुसा आमच्या तोंडावर पडत होता. आईने डोळे मिटले नाहीत. करवत आरपार आली, लाकडाची एक गरम चकती आमच्या दोघींच्या मध्ये गादीवर पडली, आणि वरून उजेडाचा एक सरळ खांब आत उतरला.

मशीन बंद झालं. बाहेरची हवा आत आली, डिझेल आणि भुशाचा वास असलेली साधी हवा. आई भिंतीकडच्या जागेवर हात फिरवत होती, चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत होती, पुन्हा पुन्हा. मग हात थांबला. तिने तो उचलून आपल्या छातीवर ठेवला आणि वर पाहिलं. भोकातून बाबांची हनुवटी तेवढी दिसत होती, भुशाने पांढरी झालेली.

“अहो,” आई म्हणाली, “आता पाणी आत येईल.”

“येऊ दे,” बाबा म्हणाले.